म्हापशाचा शुक्रवार: पसरे उठवून दुकानं चालतील का?

बार्देशी
गोव्यातल्या म्हापशात शुक्रवारच्या आठवडी बाजाराला वाहतूक तुंबली की एक मागणी हमखास कानावर येते: रस्त्यावर माल मांडून बसणाऱ्यांचे पसरे उचला, त्यांना शहराबाहेर जागा द्या. माझा याला ठाम विरोध आहे, आणि तो निव्वळ दयेपोटी नाही. गेल्या शुक्रवारी सकाळी एक आजी गोणपाट अंथरून बसली होती. पुढ्यात तांबड्या भाजीच्या दहा-बारा जुड्या, मयड्याच्या केळ्यांचा फणा, कागदावर ओतलेली हरमलची मिरची. मिरची घेणाऱ्या बाईने पिशवी उघडली तर आत नवी कढई आणि मुलाचा गणवेश! मिरचीसाठी ती म्हापशात आली, म्हणून भांडीवाल्याचा आणि कापडवाल्याचा धंदा झाला. मिरची शहराबाहेर गेली तर कढई घ्यायला ती इथे कशाला येईल?

कापडवाला
बाब, तो गणवेश विकणारा मीच समजा. भाडं, व्यापार परवाना, जीएसटी, दोन कामगारांचे पगार, सगळं वेळेवर भरतो. तरी दर शुक्रवारी माझ्या पायरीवर प्लास्टिकच्या बादल्यांचा ढीग. म्हातारी माणसं आत येणार कशी? बाजूला व्हा म्हटलं तर ‘सोपो भरलाय’, म्हणजे बाजारात बसायचं शुल्क दिलंय, म्हणून अंगावर येतात. आणि आजीचं नाव किती दिवस पुढे करणार? माझ्या पायरीवर आजी बसत नाही, टेम्पोने घाऊक माल आणणारा व्यापारी बसतो. गिऱ्हाईक पर्वरीच्या मॉलकडे वळतं, कारण तिथे गाडी लावायला जागा मिळते.

पेडणेकरीण
सगळे गाडीवाल्यांचंच बोलताहात. माझी आई पेडण्याहून कदंबाच्या, म्हणजे सरकारी बसने येते. स्टँड आणि बाजार जवळजवळ, म्हणून जेवणाच्या वेळेला घरी पोचते. पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, मिरच्या, सोलं. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान. एवढं ओझं घेऊन तिने दुसरी बस धरायची? ती बाजारच सोडेल.

हिशेबी
पायरीचं म्हणणं रास्त आहे, दुकानाची वाट अडवायचा हक्क कोणालाच नाही. पण ‘सगळे उचला’ हे कायद्यात बसत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. विक्रेत्यांच्या पाहणीत नैसर्गिक बाजार, म्हणजे विकणारे-घेणारे पूर्वापार जमतात ती जागा, म्हणून नोंदलेली जागा विक्रीबंद ठरवता येत नाही. पथविक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ जिथे धंदा करत आले, तो वारसा बाजार जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्यात आहे. म्हापशाचा बाजार पोर्तुगीज अमदानीतला, वेगळं काय सांगायचं? कोणी कुठे बसायचं, याची शिफारस शहर विक्रेता समिती करते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, व्यापारी संघटनांनाही जागा असते. तुमच्या पायरीचा प्रश्न तिथे मांडा.

कापडवाला
समितीच्या बैठकीला जायचं म्हणजे दुकान बंद ठेवायचं. आणि शेतातला माल कोणता, टेम्पोतला कोणता, हे समिती ओळखणार कशी?

बार्देशी
ते ओळखणं फार अवघड नाही. भाजी-केळी घेऊन येणाऱ्या गावच्या बायांना आधी जागा द्या, आतली, सावलीची. आज त्याच कडेला उन्हात ढकलल्या जातात, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. टेम्पोच्या मालाला उरलेली जागा, आणि त्याचा सोपो जास्त. राहिलं पार्किंग. सकाळी दुकान उघडताना समोर उभी राहिलेली गाडी रात्री शटर ओढल्यावरच हलते. ती गिऱ्हाइकाची नसते. तासावर पैसे लावा, गिऱ्हाइकाला जागा आपोआप होईल.

पेडणेकरीण
आणि बायांसाठी स्वच्छ मुतारी. पहाटे घरातून निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, का ते विचारा तिला.

कापडवाला
मुतारीला माझा पाठिंबा, बाय. गाडीचंही मान्य, काही दुकानदार तसं करतात, मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण पायरीपुढे चार फूट मोकळे ठेवायची पट्टी कोण मारणार, आणि शुक्रवारी सकाळी गर्दीत ती राखायला कोण उभं राहणार? एवढं ठरत नाही तोवर पसरे हलवायची माझी मागणी मी मागे घेणार नाही.