धातूवर पाण्याचा ‘थर’ की ‘पापुद्रा’?

— एका अनुवादात अडले आहे. निर्वातात, उणे १२० अंशांच्याही खाली, प्लॅटिनमच्या स्वच्छ पृष्ठावर वाफ सोडली की आधी एकाच रेणूच्या जाडीचं पाणी पसरतं. मी ‘थर’ लिहिलं. संपादक म्हणतात, थराला जाडी हवी, ‘पापुद्रा’ करा. पण पापुद्रा सोलून निघतो, हे पाणी तर धातूला घट्ट बिलगलेलं. काय लिहू?

— थरच. मूळ शब्द ‘स्तर’, त्यात जाडीची अट कुठे आहे? बोटाने पुसला जाणारा धुळीचाही थरच असतो.

— ‘लेप’ कसा वाटतो?

— लेप कुणीतरी लावावा लागतो. पाणी आपणहून बसतं.

— पारिभाषिक शब्द आहे: ‘अधिशोषित स्तर’. आत मुरतं ते शोषण, पृष्ठावर राहतं ते अधिशोषण.

— सामान्य वाचकाला त्यातलं ‘शोषण’ तेवढं ऐकू येईल आणि पाणी धातूत मुरलं असंच वाटेल. शिवाय खरा पेच पुढे आहे. प्लॅटिनमवरच्या पहिल्या थरातले रेणू आपले बंध धातूशी आणि शेजाऱ्यांशी जुळवून बसतात, वरच्यांसाठी फारसं काही उरत नाही. म्हणून त्यावर पुढचा बर्फ सपाट पसरत नाही, त्याची बेटं उभी राहतात. पाण्यालाच पाणी भिजवत नाही! पहिल्याला थर म्हणा, पुढच्याला कसं म्हणणार?

— मला नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं वाटतं. गार भांड्याला ‘पाणी सुटलं’ असं आई म्हणायची. शाळेत मी तसंच लिहिलं तर बाईंनी खोडलं: पाणी हवेतलं, भांड्यातून सुटेल कसं? विज्ञान त्यांचं बरोबर होतं, पण ‘सुटलं’ हा आमच्या डोळ्यांना दिसलेला शब्द होता. आजही मी तोच वापरते.

— आणि फ्रीजरच्या पत्र्यावर बर्फ ‘धरतो’. इथे ‘साचतो’ लिहिणाऱ्यांनी तो कधी खरवडलेला नसावा.

— ‘बर्फ’ फारसी. आपला ‘हिम’ असताना तो कशाला?

— हिम पडतं, बर्फ होतो. पत्र्यावर ‘हिमाचा थर’ म्हटलं की ते वरून पडलेलं वाटतं. शब्द कुठून आला यापेक्षा तो काय दाखवतो ते बघा.

— त्या भुरभुरीत पांढऱ्याला आमची आजी ‘दहिवर’ म्हणायची.

— दहिवर म्हणजे दव. ते द्रव असतं. पत्र्यावरचं ते पांढरं वाफेतून थेट गोठलेलं, मधे पाणी झालेलंच नसतं.

— आमच्याकडे गोठलेल्यालाही दहिवरच म्हणतात. कोशात नसेल तर कोशात घाला.