विषय: सप्टेंबरची पक्षीफेरी – तारीख वारा ठरवेल

मंडळी, नमस्कार.

पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनसाठी १९ आणि २० सप्टेंबर, दोन्ही दिवस मोकळे ठेवा. नक्की दिवस गुरुवारी हवामान बघून कळवतो. थंड हवा येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो, डोंगराच्या रांगेवर आदळून वर चढतो आणि त्यावर शिकारी पक्षी पंखही न हलवता दक्षिणेला निघतात. ब्रॉड-विंग्ड हॉक या रुंद पंखांच्या शिकारी पक्ष्यांची झुंबड याच दिवसांत असते. उन्हानं वर चढणाऱ्या हवेत ते गोल गोल घिरट्या घेत उंची गाठतात आणि मग एकामागोमाग एक सुटतात. जायचं असतं थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत.

गेल्या वर्षी आपण तारीख आधीच पक्की केली आणि दिवसभर नुसते ढग पाहिले. मुलं हिरमुसून परतली, ते मला अजून लागून आहे.

---

दादा, सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. वय ७४, गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का? त्यांची यायची फार इच्छा आहे.

---

ताई, आईंना जरूर आणा. नॉर्थ लुकआउट या पक्षी बघायच्या जागेची वाट मैलभर, शेवटी दगडधोंड्यांची. पण साउथ लुकआउट पार्किंगजवळच आहे, वाटही सोपी. मी त्यांच्याबरोबर तिथेच थांबेन, हलकी दुर्बीणही आणतो.

त्यांना एक सांगा. याच डोंगरावर लोक बंदुका घेऊन बसायचे आणि जाणारे पक्षी पाडायचे. १९३४ मध्ये रोझाली एज या बाईंनी ही जागा भाडेपट्ट्यानं घेतली, राखणदार नेमला आणि गोळीबार थांबवला. नागालँडात डोयांग धरणाजवळ २०१२ पर्यंत अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी मारले जात. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ते बंद केलं. तेच ससाणे पुढे आफ्रिकेला जाताना आपल्या लोणावळ्यावरूनही जातात.

---

दादा, आत्ताच घरी पोचलो. पहिले दोन पक्षी आईंना सापडेचनात. मग एक अगदी डोक्यावरून गेला, शेपटीवरचा पांढरा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्यानंतर त्यांनी दुर्बीण कोणाला दिलीच नाही. तिकडे उजाडल्यावर लोणावळ्याच्या मावशींना फोन करायचा म्हणताहेत, नोव्हेंबरात गच्चीवर जात जा हे सांगायला.