गावाला आधी ॲम्ब्युलन्स हवी की शिकलेली माणसं?

वाडीकर (धागाकर्ता):
आमच्या चार वाड्यांच्या मुंबई मंडळानं ठरवलंय की यंदा वर्गणी काढून गावाला ॲम्ब्युलन्स घ्यायची. बैठकीत मी एकटाच विरोधात बोललो. माझं म्हणणं एवढंच, त्या पैशातून आधी गावातली वीस पोरं शिकवून तयार करू. गाडीचं नंतर बघू.

दोन वर्षांपूर्वी माझे काका पोफळीवरून पडले. चौघांनी हातापायाला धरून उचललं आणि जीपच्या मागच्या बाकावर घातलं. सगळ्यांनी मायेनंच उचललं. पण मान आणि पाठ हलू न देता फळीवर घ्यायचं असतं, हे तिथं एकालाही माहीत नव्हतं, मलासुद्धा. काका वाचले, पण कमरेखाली ताकद आली नाही. ते पडल्यामुळं की उचलल्यामुळं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्या दिवशी गाडी दारात होती हो.

घाटमाथा:
काकांचं वाचून वाईट वाटलं. तरीही पटलं नाही. राज्यात १०८ सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. २३३ गाड्या अतिदक्षतेच्या सोयीच्या, ७०४ प्राथमिक जीवरक्षणाच्या, आणि सोबत डॉक्टर. पण कुठलीही गाडी एका पेशंटला जिल्ह्याला घेऊन गेली की ती परत येईपर्यंत दुसऱ्यानं काय करायचं? आषाढात बाळंतीण अडली तर तुमची वीस पोरं तिला डोलीतून नेणार का? गावाची स्वतःची गाडी हवीच.

सिस्टर_निवृत्त:
३१ वर्षं उपकेंद्रात काढली. साप चावलेला माणूस आणतात तेव्हा पायाला करकचून दोरी आवळलेली असते, कधी ब्लेडनं चिराही दिलेला असतो. खरं तर तो पाय हलू न देता, काहीही न आवळता, प्रतिविष असेल तिथं लवकर पोचवायचं. हृदय बंद पडलं तर मिनिटाला १०० ते १२० या वेगानं छाती दाबत राहायची. एवढं गावात चार जणांना आलं तरी गाडी येईपर्यंतचा वेळ फुकट जात नाही.

पण वाडीकर, एकदा शिबिर, फोटो, प्रमाणपत्र असं करणार असाल तर पैसे वाया जातील. हाताची सवय मोडते. दर सहा महिन्यांनी उजळणी ठेवा, नाहीतर नादाला लागू नका.

लेखाजोखा:
माझा मुळावरच आक्षेप आहे. आरोग्य सरकारचं काम आहे. गावानं स्वतः सोय केली की तालुक्याला वाढीव गाडी मागायला तोंड उरत नाही. शिवाय शिकलेल्या पोराच्या हातून काही चुकलं तर केस कोणावर?

वाडीकर:
केसची भीती रस्त्यावरच्या अपघातापुरती तरी कमी झालीय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दावा लागत नाही.

सरकारचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं उदाहरण बघा. तिथं पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकून न्यायचे. १९६७ मध्ये हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ‘फ्रीडम हाऊस’ ही सेवा सुरू झाली. पीटर साफर या भूलतज्ज्ञानं वस्तीतल्याच लोकांना सुमारे ३०० तास शिकवलं. त्यातल्या अनेकांना आधी काम नव्हतं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाईन यांनी तिथल्या अनुभवातून जो अभ्यासक्रम लिहिला, तो देशभरच्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला. वस्तीनं आधी करून दाखवलं, मग शहर जागं झालं.

लेखाजोखा:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९७५ मध्ये शहरानं स्वतःची सेवा आणली आणि फ्रीडम हाऊस बंद पडलं. ज्यांनी ते उभं केलं त्यांतले बरेचसे हळूहळू बाहेर ढकलले गेले. गावाची मेहनत अशी गिळली जाऊ नये म्हणूनच सांगतोय, पहिल्या दिवसापासून ग्रामपंचायत आणि ग्रामीण रुग्णालयाला लेखी बांधून घ्या.

वाडीकर:
हे मान्य. ठरावाच्या मसुद्यात घालतो.

घाटमाथा:
कागद होईल हो, माणसं कुठून आणणार? तुमची वीस पोरं आहेत मुंबईला. मे महिना आणि गणपती सोडले तर गावात साठीच्या पुढचेच दिसतात. रात्री दोनला हाक मारली तर ओ कोण देणार?

सिस्टर_निवृत्त:
पोरं नसतील, पण सुना आहेत, आशाताई आहेत. रात्री दोनला बाळंतिणीकडे माझ्यासोबत कंदील घेऊन त्याच यायच्या.

वाडीकर:
घाटमाथा, तुमच्या प्रश्नानं रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गावी फोन लावला. बचतगटाच्या अकरा जणी तयार आहेत. त्यांनीच उलट विचारलं, शिकवायला कोण येणार? सिस्टर, मंडळाची बैठक रविवारी आहे. तुम्ही याल का?