पाळीची नोकरी आणि सेफ्टी डिप्लोमा: अभ्यास कधी, असाइनमेंट कशावर?

प्रश्न:
नोकरी मेन्टेनन्समध्ये, पाळी दर आठवड्याला बदलते. सोबत सेफ्टीचा डिप्लोमा सुरू आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरत नाही. जोखीम मूल्यांकनाची असाइनमेंट आपल्याच विभागावर लिहिली तर चालते का? आणि रोजच्या कामातून अभ्यासासाठी नेमकं काय उचलावं?

उत्तर १:
रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा घेऊच नका. सुटल्यावर आधी झोप, मग कामावर निघण्यापूर्वी 40-45 मिनिटं जुन्या नोट्स, एवढंच. आवाज, वायुवीजन, अपघात दर असले आकडेमोडीचे विषय सकाळपाळीच्या आठवड्यासाठी ठेवा. पहाटे 3 ते 5 या वेळेत सावधता सगळ्यात कमी असते. तेव्हाच्या ब्रेकमध्ये वाचलेलं टिकत नाही आणि विश्रांतीही बुडते. परीक्षेच्या तारखा कळल्या की पाळीचा तक्ता लागण्याआधीच सांगून ठेवा.

उत्तर २:
आपल्या विभागावर लिहिलेलं चालतं, पण अख्खा विभाग घेऊ नका. एकच काम घ्या, समजा पंपाचं कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) बदलणं. ते होत असताना शेजारी उभं राहून पाहा आणि 8-10 पायऱ्या जशा घडतात तशा लिहा. कार्यपद्धतीच्या कागदावरून उतरवलेल्या पायऱ्या तपासणाऱ्याला लगेच कळतात.

मार्क बहुतेक दोन ठिकाणी जातात. एक म्हणजे गुणांकन, म्हणजे धोक्याची तीव्रता आणि शक्यता यांना गुण देणं. कपलिंगला गार्ड (संरक्षक आवरण) आहे म्हणून तीव्रता 5 वरून 2 केली जाते. हात आत गेलाच तर इजा तेवढीच होणार. गार्डमुळे कमी होते ती शक्यता. तीव्रता उतरते ती मुळातली ऊर्जा कमी केली तरच: दाब, उंची, व्होल्टेज, साठा.

दुसरं, आयसोलेशन (कामाआधी यंत्राची ऊर्जा तोडणं) 'मोटर बंद करून कुलूप लावलं' इथेच संपवतात. कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून मोटर खरंच मेली आहे ना हे पाहायचं असतं. सक्शन आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करून दाबही काढायचा, नाहीतर उलट आलेल्या प्रवाहाने इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) फिरतो आणि शाफ्टही. हे असाइनमेंटमध्ये नसेल तर मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटते.

विभागप्रमुखाची लेखी परवानगी घ्या. फोटोत कुणाचा चेहरा नको.

उत्तर ३:
बंदिस्त जागेत (टाकी, मॅनहोल) शिरण्याच्या परमिटवर प्रत्येक रकान्यापुढे 'का?' लिहा आणि त्याच आठवड्यात उत्तर शोधा. ऑक्सिजन आधी का मोजतात? ज्वलनशील वायूच्या कॅटॅलिटिक (वायू जाळून मोजणाऱ्या) सेन्सरला चालायला ऑक्सिजन लागतो. तो कमी असला की वायूचा आकडा खोटा कमी दिसतो. वर, मध्ये आणि तळाशी का? मिथेन हवेपेक्षा हलका, हायड्रोजन सल्फाइड जड. नळी लांब असेल तर नमुना सेन्सरपर्यंत पोहोचेपर्यंत थांबावंही लागतं. घाईत नेमकं तेच राहतं.

उत्तर ४:
अपघात दराचं गणित आपल्याच विभागाच्या तासांवर करून पाहा, फक्त आधार कोणता, म्हणजे किती तासांमागे दर काढायचा, ते आधी विचारा. 4,80,000 मानवी तासांत 3 इजा झाल्या, तर 10 लाख तासांच्या आधारावर दर 6.25 येतो आणि 2 लाखांच्या आधारावर 1.25. हे 2 लाख म्हणजे 100 माणसं, आठवड्याला 40 तास, वर्षाला 50 आठवडे. ओव्हरटाइमचे आणि कंत्राटी कामगारांचे तास धरायला विसरू नका. इजा त्यांच्या धरल्या आणि तास सोडले, तर दर उगाच फुगतो.