निवडक शेअर धरून बाजाराला कायम मागे टाकता येतं का?

मूळ मुद्दा
नऊ वर्षं एकच नियम पाळतोय: कर्ज कमी, नफा नियमित, भाव वाजवी अशा पंधरा-वीस कंपन्या घ्यायच्या आणि वर्षातून एकदाच यादी तपासायची. आजवर मी निर्देशांकाच्या पुढे आहे आणि पुढेही राहीन, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकी फंड मॅनेजर पीटर लिंच यांनी १९७७ ते १९९० मॅगेलन फंड सांभाळला, वर्षाला सरासरी २९ टक्के परतावा दिला. इतकी वर्षं नुसतं नशीब साथ देतं का?

प्रतिसाद १
अमेरिकेतलेच फंड मॅनेजर बिल मिलर यांच्या फंडाने १९९१ ते २००५ सलग १५ वर्षं एस अँड पी ५०० ला, म्हणजे तिथल्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाला, हरवलं. २००८ मध्ये तोच फंड निम्म्याहून अधिक घसरला, निर्देशांक ३७ टक्के. माणूस तोच होता. शिवाय अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडलेलं गणित आहेच: निवड करणारे सगळे मिळून बाजाराइतकंच कमावतात, त्यातून खर्च गेला की सरासरीने मागेच पडतात.

प्रतिसाद २
गणित सरासरीचं आहे, प्रत्येकाचं नाही! १९९९ मध्ये एस अँड पी ५०० २१ टक्के वाढला आणि वॉरन बफे यांच्या बर्कशायर कंपनीचा शेअर पडला. तेव्हा किती जण थांबले असतील? फंड मॅनेजर दोन वर्षं मागे पडला की ग्राहक पैसे काढून नेतात. आपल्याला तसं कुणी विचारायला येत नाही. मला तरी खरा फायदा तिथेच दिसतो.

प्रतिसाद ३
थांबणं ठीक, पण कशात? अमेरिकी प्राध्यापक बेसेमबाइंडर यांच्या अभ्यासात १९२६ ते २०१६ या काळात अमेरिकी शेअर बाजाराने ट्रेझरी बिलांपेक्षा (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षा) जी जास्त संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम ४ टक्के कंपन्यांमधून आली. त्या तुमच्या वीसात नसल्या तर? आणि असल्या, तरी भाव तिप्पट झाल्यावर 'वाजवी भाव' हा नियमच तुम्हाला त्या विकायला लावणार.

प्रतिसाद १
आणखी एक. तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी केलीत का?

मूळ लेखक
नव्हती केली. आज करून पाहिली: वर्षाला तीन टक्क्यांची आघाडी दीडवर आली. विकण्याबद्दलही तुमचं खरं आहे. तिसऱ्या वर्षी महाग वाटला म्हणून काढलेला शेअर नंतर चौपट झाला, तो आजही सलतो. पद्धत सोडणार नाही, पण केवळ भाव वाढला म्हणून विकायचं, हे कलम आजपासून काढून टाकलंय.