गोल टँक अर्धवट भरलेला असेल तर आत किती लिटर आहे ते कसं काढायचं?

नवखा_ऑपरेटर:
मंडळी एक शंका आहे, हसू नका. टँक पूर्ण गोल आहे, चेंडूसारखा, आडवा सिलिंडर नव्हे. आतला डायमीटर ३ मीटर. फुल भरला तर १४,१३७ लिटर, हे ४/३ × पाय (π) × त्रिज्येचा घन करून काढलं, तिथवर ठीक आहे. पण डिप घेतली (रॉड बुडवून पातळी मोजली) तर लेव्हल ७५ सेंमी, मी म्हटलं उंची पाव म्हणजे माल पण पाव, आणि रजिस्टरला ३५३४ लिटर लिहून मोकळा झालो. मग सगळं पंपाने काढलं तर मीटरवर २२०० च्या आसपासच. मीटर बिघडलाय की माझं डोकं?

डिप_मास्तर:
मीटर बरा आहे तुमचा. गोलाचा तळ निमुळता असतो ना भाऊ, खालच्या पाव उंचीत पाव माल मावणारच नाही. सूत्र असं:

घनफळ = पाय × उ × उ × (३ × त्रि − उ) ÷ ३

उ म्हणजे तळापासूनची लेव्हल, त्रि म्हणजे आतली त्रिज्या. तुमचे आकडे टाका, उ ०.७५ आणि त्रि १.५, येतात २.२०९ घनमीटर म्हणजे २२०९ लिटर. फुलच्या १५.६ टक्के फक्त.

कागद_पेन्सिल:
हे अर्ध्यापर्यंतच चालतं बरं का, त्याच्या वर गेलं की रिकामा भाग काढून फुलमधून वजा करावा लागतो.

डिप_मास्तर:
नाही हो, तळापासून वरपर्यंत तेच एक सूत्र. उ च्या जागी पूर्ण ३ मीटर टाकून बघा, बरोबर ४/३ वालं घनफळ येतं. वजाबाकी केली तरी उत्तर तेच, उगाच दुप्पट काम.

शंकू_प्रेमी:
पाठ नको करायला, असं बघा. तळापासून य उंचीवर आडवा काप घेतला तर त्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग य × (डायमीटर − य) असतो, असे पातळ काप एकावर एक रचत लेव्हलपर्यंत बेरीज केली, म्हणजे इंटिग्रेशन, की वरचं सूत्र हातात. टक्केवारीच हवी असेल तर अजून सोपं, उंची भागिले डायमीटर म्हणजे क्ष धरा, भरलेला भाग = ३क्ष² − २क्ष³. क्ष ०.१ असताना टँकमध्ये जेमतेम २.८ टक्के माल असतो, बघून मला स्वतःला खरं वाटेना.

नवखा_ऑपरेटर:
बापरे, म्हणजे आजवरच्या सगळ्या नोंदी गंडल्यात. आता उलटं सांगा, ३० टक्के भरायचा असेल तर लेव्हल किती ठेवू?

शंकू_प्रेमी:
क्ष चं त्रिघाती समीकरण होतं, हाताने सोडवत बसू नका. एक्सेलमध्ये गोल सीक आहे, हवं ते उत्तर देणारा आकडा तेच शोधतं (त्या गोलचा या गोलाशी संबंध नाही) किंवा अंदाजाने क्ष धरून वरखाली करत जा. ३० टक्क्यांना क्ष ०.३६३ येतो, म्हणजे साधारण १०९ सेंमी.

डिप_मास्तर:
आणि सूत्र बरोबर असूनही आकडा चुकतो तो मापात. डायमीटर आतलाच घ्या, समजा बाहेरून ३ मीटर मोजला आणि पत्रा १० मिमी जाड, तर फुल टँकमागे २८० लिटर हवेतले. डिप रॉड बरोबर मधोमध आणि सरळ उभा उतरला पाहिजे, बाजूच्या नोझलमधून टाकला तर तो उताराला टेकतो आणि लेव्हल कमी दाखवतो. शिवाय मधल्या पट्ट्यात १ सेंमी म्हणजे ७१ लिटर, तळाशी १० सेंमीच्या आसपास तोच १ सेंमी फक्त ९ लिटर, त्यामुळे अर्धा टँक असताना घाईत डिप घ्यायची नाही.

नवखा_ऑपरेटर:
आमचा रॉड बाजूच्याच नोझलमधून जातो. पण मग २२०० कसे जुळले?

डिप_मास्तर:
रॉडवर आधीच कोणीतरी तेवढी भर धरून खुणा केल्या असतील. शून्य रॉडच्या टोकापासून धरलंय की त्याच्याही खालून, ते आधी बघा आणि मगच लेव्हलवरून लिटरचा चार्ट बनवा.