मदत हवी आहे: शिशाच्या कामामुळे हृदयाला धोका? कोणत्या तपासण्या कराव्यात?

माझे मोठे भाऊ बरीच वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कामावर होते. आता काम सोडलंय, पण औषधं घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. साखर, कोलेस्टेरॉल ठीक आहे, म्हणून शिशाची शंका येते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट मांडला आहे. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं, हाडांत मात्र ते अनेक दशकं साठून राहतं आणि हळूहळू परत रक्तात उतरतं. मग आता रक्ततपासणी नॉर्मल आली तर तिच्यावर कितपत विसंबायचं? किडनीची तपासणीही करावी का? (सिगारेटही ओढतात, म्हणजे कॅडमियमही आलंच. ती सुटावी म्हणून मी मागे लागलोच आहे.)

काही जण चिलेशनचं सलाइन (शिशासारखे धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) सुचवतात. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅक्ट-२ चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींच्या रक्तातलं शिसं त्याने बरंच उतरलं, तरी पुढचे झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. मला ते नकोच वाटतं.

आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जावं की व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरांकडे? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.